हिवाळ्यातील ऊर्जाखर्च आणि दुर्बल कुटुंबे

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ असे म्हणतात. त्यानंतरचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि अखेरचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’ या नावाने ओळखले जातात. या सत्तर दिवसांत घर उबदार ठेवण्यासाठी जळाऊ लाकूड, कोळसा, वीज आणि गॅस यांची गरज वर्षातील इतर कोणत्याही काळापेक्षा अधिक असते. नेमक्या याच दिवसांत शेतीची, बांधकामाची व मजुरीची कामे थंडावतात. खर्च वाढतो आणि मिळकत घटते. ज्या कुटुंबाजवळ पुरेशी शिल्लक नाही, त्याला अन्न, औषध आणि ऊब यांपैकी कशात काटकसर करावयाची, याचा निर्णय दररोज घ्यावा लागतो.

हा प्रश्न केवळ हिमालयापुरता मर्यादित नाही. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स यांसारख्या संपन्न देशांतही हिवाळ्यातील ऊर्जेचे देयक भरू न शकणारी लक्षावधी कुटुंबे आहेत आणि त्यांच्या साहाय्यासाठी तेथील शासनांनी गेल्या चार-पाच दशकांत विविध योजना राबविल्या आहेत. भारतात ऊर्जा-धोरणाचा भर प्रामुख्याने वीजजोडणी आणि स्वयंपाकाचे इंधन यांवर राहिला. घर उबदार ठेवण्याची गरज मात्र स्वतंत्र बाब म्हणून धोरणात अद्याप ठळकपणे आलेली नाही. या पार्श्वभूमीवर ऊर्जा-दारिद्र्य म्हणजे काय, साहाय्याचे मार्ग कोणते, इतर देशांचा अनुभव काय सांगतो आणि भारतातील योजना या गरजेला कितपत पुऱ्या पडतात, याचा विचार येथे केला आहे.

ऊर्जा-दारिद्र्याची संकल्पना

एखादे कुटुंब गरीब आहे आणि एखादे कुटुंब ऊर्जेच्या दृष्टीने गरीब आहे, ही दोन विधाने एकच नाहीत. ब्रिटिश अभ्यासक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्युएल पॉव्हर्टी’ या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी व ऊर्जेच्या इतर गरजा भागविण्यासाठी ज्या कुटुंबाला आपल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागेल, ते कुटुंब ऊर्जा-दरिद्री होय, अशी व्याख्या त्यातून रूढ झाली. ऊर्जा-दारिद्र्याची कारणे तीन : कमी उत्पन्न, इंधनाचे चढे दर आणि उष्णता टिकवून न धरणारे घर. यातील तिसरे कारण सामान्य दारिद्र्याच्या मोजमापात दिसत नाही. सारखेच उत्पन्न असलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाचे घर जाड भिंतींचे व घट्ट खिडक्यांचे आणि दुसऱ्याचे पत्र्याच्या छपराचे असेल, तर त्यांच्या गरजेच्या खर्चात मोठे अंतर पडते.

या व्याख्येतील ‘खर्च करावा लागेल’ हे शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. त्यांचा रोख प्रत्यक्ष खर्चापेक्षा आवश्यक खर्चावर आहे. गरीब कुटुंब पैशांअभावी शेगडी पेटवीतच नाही. त्यामुळे त्याचे देयक कमी येते आणि केवळ देयक पाहणाऱ्या निरीक्षकाला तेथे समस्याच दिसत नाही. थंडीतील वंचितता ही अशी न केलेल्या खर्चात दडलेली असते. म्हणूनच तिचे मोजमाप करताना घराची रचना, तेथील हवामान आणि आवश्यक तापमान यांवरून गरजेचा खर्च काढावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गृहनिर्माण व आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये थंड ऋतूत घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सियस असावे, असे म्हटले आहे. थंड घराचा संबंध श्वसनाच्या व हृदयविकाराच्या आजारांशी आहे. लहान मुले, वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्ती यांना त्याचा धोका अधिक असतो.

इंग्लंडमध्ये ही व्याख्या पुढे दोनदा बदलली. इंधनाचे दर वाढले की सुस्थितीतील कुटुंबेही १० टक्क्यांच्या निकषात येतात, हा मूळ व्याख्येवरील आक्षेप होता. जॉन हिल्स यांच्या २०१२ च्या अहवालानंतर ‘कमी उत्पन्न, जास्त खर्च’ हा निकष स्वीकारण्यात आला. २०२१ पासून ‘कमी उत्पन्न, कमी ऊर्जा-कार्यक्षमता’ या निकषाने त्याची जागा घेतली. लक्ष देयकाच्या रकमेवरून हळूहळू घराच्या गुणवत्तेकडे वळले, असे या बदलांचे सार सांगता येईल.

साहाय्याचे तीन मार्ग

तीन कारणांना अनुसरून साहाय्याचेही तीन मार्ग पडतात.

पहिला मार्ग उत्पन्न-साहाय्याचा. यात कुटुंबाला हिवाळ्यासाठी रोख रक्कम अथवा धनादेश दिला जातो. इंधनाचा दर कायम राहत असल्याने काटकसरीची प्रेरणा टिकते. ही रक्कम वर्षानुवर्षे द्यावी लागते, ही त्याची मर्यादा.

दुसरा मार्ग दर-साहाय्याचा. यात वीज, गॅस वा रॉकेल यांचा दर कमी ठेवला जातो किंवा ठरावीक युनिटपर्यंत देयक माफ केले जाते. हा मार्ग राबविण्यास सोपा आहे. तथापि जो अधिक वापरतो त्याला अधिक अनुदान मिळते आणि ज्याच्याकडे जोडणीच नाही त्याला काहीच मिळत नाही.

तिसरा मार्ग घर सुधारण्याचा. भिंती व छप्पर उष्णतारोधक करणे, फटी बुजविणे, कार्यक्षम शेगड्या बसविणे, सूर्याची उष्णता घरात साठविणे या गोष्टी त्यात येतात. यासाठी आरंभीचा खर्च मोठा असतो, परंतु तो एकदाच होतो आणि त्यानंतर अनेक हिवाळ्यांत कुटुंबाचा व शासनाचा दोघांचाही भार हलका होतो.

कोणताही एकच मार्ग पुरेसा नाही. घर सुधारेपर्यंत येणारा हिवाळा काढावाच लागतो, म्हणून पहिले दोन मार्ग टाळता येत नाहीत. परंतु तिसऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास पहिल्या दोहोंवरील खर्च कधीच आटोक्यात येत नाही.

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘विंटर फ्युएल पेमेंट’ ही योजना सुरू झाली. गरीब-श्रीमंत असा भेद न करता पात्र वयाच्या सर्व वृद्धांना हिवाळ्यापूर्वी ठरावीक रक्कम देण्याचे तत्त्व तिच्यात होते. रोख रक्कम कशासाठी वापरावी, यावर कोणतेही बंधन नव्हते. तरीही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे आढळले, की लाभार्थी कुटुंबे या रकमेचा जवळजवळ निम्मा भाग इंधनावरच खर्च करीत होती. साध्या रोख उत्पन्नाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३ टक्के असणे अपेक्षित होते. रकमेला दिलेले नाव आणि ती मिळण्याची वेळ यांचाही खर्चाच्या निर्णयावर परिणाम होतो, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. थेट लाभ हस्तांतरणाची आखणी करणाऱ्या कोणत्याही देशाने तो ध्यानात घेण्याजोगा आहे.

याशिवाय तेथे ‘कोल्ड वेदर पेमेंट’ ही हवामानाशी जोडलेली योजना आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात एखाद्या भागातील सरासरी तापमान सलग सात दिवस शून्य अंश सेल्सियस वा त्याखाली नोंदले गेले अथवा तसा अंदाज असला, तर त्या भागातील विशिष्ट साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांना दर सात दिवसांमागे २५ पौंड मिळतात. त्यासाठी वेगळा अर्ज सहसा करावा लागत नाही. स्कॉटलंडने मात्र २०२३ पासून या योजनेऐवजी तापमानावर अवलंबून नसलेली ठरावीक रक्कम देण्यास प्रारंभ केला. नोंद केंद्रातील तापमान आणि प्रत्यक्ष गावातील थंडी यांत फरक पडतो, तसेच रक्कम मिळेल की नाही हे आधी कळत नसल्याने गरीब कुटुंबे शेगडी पेटविण्यास कचरतात, असे आक्षेप हवामानाशी जोडलेल्या साहाय्यावर घेतले जातात.

युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये युरोपातील गॅसचे दर भडकले, तेव्हा ब्रिटिश शासनाने दर-साहाय्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबिला. ऑक्टोबर २०२२ पासून सर्वसाधारण कुटुंबाचे वार्षिक देयक सुमारे २,५०० पौंडांपर्यंत राहील, अशा रीतीने युनिटचे दर गोठविण्यात आले. त्याखेरीज प्रत्येक कुटुंबाला सहा महिन्यांत मिळून ४०० पौंडांची सूट मिळाली. संकटाच्या काळात हा उपाय तातडीचा ठरला. पण मोठ्या घरांत राहणाऱ्या संपन्न कुटुंबांनाही तो मिळाल्याने राजकोषावर प्रचंड भार पडला.

सार्वत्रिक की लक्ष्यित, हा वाद २०२४ मध्ये पुन्हा उफाळून आला. वित्तीय तुटीचे कारण देऊन शासनाने विंटर फ्युएल पेमेंट केवळ ‘पेन्शन क्रेडिट’ व तत्सम साहाय्य घेणाऱ्या वृद्धांपुरते मर्यादित केले. लाभार्थ्यांची संख्या एक कोटीहून अधिक होती, ती पंधरा लाखांच्या आसपास येईल असा शासकीय अंदाज होता. अडचण अशी, की पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्या कुटुंबांपैकी सुमारे एक तृतीयांश कुटुंबे त्यासाठी अर्जच करीत नव्हती. म्हणजे सर्वांत गरजू वृद्धांपैकी अनेकजण ऐन हिवाळ्यात साहाय्यास मुकणार होते. शिवाय उत्पन्नाच्या मर्यादेच्या किंचित वर असलेल्यांची संपूर्ण रक्कम बंद झाली. तीव्र टीकेनंतर २०२५ मध्ये हा निर्णय बदलण्यात आला. त्यानुसार रक्कम पुन्हा सर्वांना द्यावयाची आणि वार्षिक ३५,००० पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्यांकडून ती करव्यवस्थेमार्फत परत घ्यावयाची, अशी पद्धत इंग्लंड व वेल्समध्ये स्वीकारली गेली.

लक्ष्यित योजनांत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्र व्यक्तीला लाभ मिळणे ही समावेशाची चूक आणि पात्र व्यक्ती वगळली जाणे ही वगळण्याची चूक. पहिल्या चुकीची किंमत पैशांत मोजता येते. दुसरीची किंमत, विशेषतः थंडीच्या बाबतीत, माणसाच्या आरोग्याने चुकवावी लागते. ब्रिटनने २०२५ मध्ये काढलेला तोडगा या दोन चुकांचे वजन सारखे नाही, याची कबुलीच म्हणावा लागेल.

अमेरिका आणि फ्रान्स

अमेरिकेत १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर दोन वेगळ्या योजना उभ्या राहिल्या. घर सुधारण्यासाठीची ‘वेदरायझेशन’ योजना १९७६ ची, तर देयके भरण्यासाठी साहाय्य करणारी ‘लाइहीप’ योजना १९८१ च्या कायद्याची. लाइहीपमध्ये केंद्र शासन राज्यांना गट-अनुदान देते. राज्ये कायद्याच्या चौकटीत उत्पन्न-मर्यादा व रक्कम ठरवितात आणि बहुधा वीज वा गॅस कंपनीला ती परस्पर देतात. अलीकडील वर्षांत या योजनेवर वार्षिक सुमारे ४ अब्ज डॉलर खर्च होऊन सुमारे ६० लाख कुटुंबांना साहाय्य मिळाले. तथापि हे साहाय्य म्हणजे कायदेशीर हक्क नव्हे. मंजूर निधी संपला की साहाय्य थांबते. त्यामुळे पात्र कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबे प्रत्यक्षात वंचित राहतात. अनेक राज्यांत हिवाळ्याच्या महिन्यांत वा कडाक्याच्या थंडीत घरगुती जोडणी तोडण्यावर निर्बंध आहेत, हे या व्यवस्थेचे आणखी एक अंग होय.

फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हा काळ ‘हिवाळी विराम’ म्हणून पाळला जातो. या काळात भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही आणि थकबाकीपोटी घराची वीज वा गॅस पूर्णपणे बंद करता येत नाही. या देशाने पूर्वीचे सवलतीचे सामाजिक दर २०१८ मध्ये बंद करून त्याऐवजी ‘ऊर्जा धनादेश’ आणला. वीज व गॅस यांच्या सवलतीच्या दराचा लाभ लाकूड वा तेल जाळणाऱ्या कुटुंबांना मिळत नव्हता. धनादेश मात्र कोणत्याही इंधनासाठी, तसेच घराच्या ऊर्जा-सुधारणेसाठीही वापरता येतो. एका कुटुंबात अनेक इंधने वापरली जाणाऱ्या भारतासारख्या देशाच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे.

भारतातील थंडीचे स्वरूप

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार भारताचे पाच हवामान-विभाग पडतात : उष्ण-कोरडा, उबदार-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. थंड विभागात लडाख, काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडचा उंचावरील भाग, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशाचा पर्वतीय प्रदेश यांचा समावेश होतो. लोकसंख्येच्या तुलनेत हा विभाग लहान असला, तरी तेथे घर तापविणे ही जीवनावश्यक बाब आहे. दुसरीकडे उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात थंडीचा काळ अल्प असतो. मात्र घरे थंडीसाठी बांधलेली नसतात आणि बेघरांची संख्या मोठी असते. दोन्ही ठिकाणच्या गरजा भिन्न आहेत.

पर्वतीय घरांत उष्णतेची परंपरागत साधने अनेक आहेत. काश्मीरमध्ये फेरनच्या आत धरावयाची निखाऱ्यांची कांगडी, लोखंडी बुखारी आणि खालून तापविलेल्या दगडी फरशीचा हमाम. हिमाचल प्रदेशाच्या उंच भागांत खोलीच्या मध्यभागी ठेवलेला लोखंडी तंदूर. लडाखमध्ये लाकूड व वाळलेले शेण जाळणारी चूल. यांतील बरेचसे इंधन बाजारातून विकत घेतले जात नाही. ते स्त्रिया व मुले गोळा करतात. त्यामुळे त्याची किंमत देयकावर उमटत नाही, ती श्रमाच्या तासांत आणि धुराने होणाऱ्या आजारांत चुकवावी लागते. बंद खोलीत रात्रभर शेगडी धुमसत राहिल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे जीवही जातो. दर हिवाळ्यात अशा दुर्घटना घडतात.

विजेचा प्रश्न तर अधिकच विचित्र आहे. जम्मू-काश्मीरमधील बहुतेक जलविद्युत प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. हिवाळ्यात हिम वितळत नसल्याने नद्यांचे पाणी आटते आणि निर्मिती घसरते. विजेची मागणी मात्र त्याच वेळी शिखरावर असते. ही तफावत बाहेरून वीज विकत घेऊन भरून काढावी लागते. लडाख दीर्घकाळ राष्ट्रीय वीजजाळ्यापासून अलग होते. २०१९ मध्ये श्रीनगर-लेह पारेषण वाहिनीचे लोकार्पण झाल्यावर ही स्थिती पालटली. म्हणजे हिवाळ्यातील ऊर्जा येथे केवळ महाग आहे असे नव्हे, ती पुरेशी मिळेल याचीही शाश्वती नसते.

विद्यमान योजना आणि ऊबेची गरज

केंद्र शासनाने १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू केली. तिच्याद्वारे दहा कोटींहून अधिक जोडण्या देण्यात आल्या. मे २०२२ पासून लाभार्थ्यांना १४.२ किलोच्या सिलिंडरमागे २०० रुपयांचे लक्ष्यित अनुदान देण्यात येऊ लागले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० रुपये झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मधील ४३.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्क्यांवर गेले. ही प्रगती लक्षणीय आहे. तरीही पर्वतीय प्रदेशात गॅस आल्यावर लाकडाचा वापर हिवाळ्यात अपेक्षेइतका घटत नाही. तेथील चूल एकाच वेळी दोन कामे करते. ती अन्न शिजविते आणि खोली तापविते. गॅस पहिले काम उत्तम करतो. दुसरे काम त्याच्याकडून करवून घेणे कुटुंबाला परवडत नाही.

हे साध्या गणिताने पटते. एक किलोवॅटचा विद्युत हीटर दररोज सहा तास चालविल्यास महिन्याला १८० युनिट वीज लागते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधील गॅस पूर्ण जाळला, तर त्यातूनही साधारण तेवढीच उष्णता मिळते. म्हणजे एकच खोली दिवसातील सहा तास माफक उबदार ठेवण्यासाठी स्वयंपाकाव्यतिरिक्त दरमहा आणखी एक सिलिंडर तरी लागेल. लेह आणि चेन्नई येथील लाभार्थ्यांना मिळणारे सिलिंडरमागील अनुदान सारखेच असते, कारण ते स्वयंपाकाची गरज गृहीत धरून ठरविलेले आहे.

विजेच्या सवलतींबाबतही हेच घडते. दिल्लीने २०१९ मध्ये दरमहा २०० युनिटपर्यंतच्या आणि हिमाचल प्रदेशाने २०२२ मध्ये १२५ युनिटपर्यंतच्या घरगुती वापरासाठी शून्य देयकाची सवलत लागू केली. परंतु वरील हिशेबाप्रमाणे एकटा हीटरच १८० युनिट घेतो. जी सवलत उन्हाळी पंखा व दिवे यांसाठी भरपूर असते, ती हिमाच्छादित जिल्ह्यात जानेवारीत अपुरी पडते आणि गरजेच्या महिन्यातच कुटुंब सवलतीच्या टप्प्याबाहेर फेकले जाते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६५ नुसार राज्य शासनाने दिलेल्या सवलतीची रक्कम वितरण संस्थेला आगाऊ द्यावी लागते. ही रक्कम वेळेवर न मिळाल्यास वितरण व्यवस्था दुबळी होते आणि त्याचा फटका अखेर ग्राहकांनाच बसतो. कलम ५६ नुसार थकबाकीदाराला पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन जोडणी तोडता येते. त्यात ऋतूचा वा हवामानाचा विचार नाही.

किमान वेतनाच्या निकषांतही असेच दिसते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने इंधन, दिवाबत्ती व इतर किरकोळ बाबींसाठी किमान वेतनाच्या २० टक्के भाग धरला. कापडाची गरज दरडोई वार्षिक १८ वार अशी ठरविली. हे निकष दूरदृष्टीचे होते, परंतु त्यांत हवामानानुसार भेद नव्हता.

मैदानी प्रदेशासाठी आपत्ती-व्यवस्थापनाची चौकट उपलब्ध आहे. शीतलहर व हिम यांचा अंतर्भाव केंद्र शासनाने २०१२ मध्ये मदतीस पात्र आपत्तींच्या यादीत केला. उत्तर भारतातील राज्ये हिवाळ्यात घोंगड्या वाटतात आणि चौकाचौकांत शेकोट्यांची व्यवस्था करतात. शहरी बेघरांसाठी निवारे उभारण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून वेळोवेळी आदेश दिले. ही व्यवस्था प्राण वाचविण्यासाठी अनिवार्य आहे. तथापि ती आपत्तीच्या क्षणी धावून येते. दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येणाऱ्या थंडीला केवळ आपत्ती मानून चालणार नाही. तिची तरतूद नियोजनातच व्हावयास हवी.

घरातच साठविलेली ऊब

लडाखमध्ये थंडी तीव्र असली तरी हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते. या सूर्यप्रकाशाचा उपयोग करून घेणारी घरे तेथे उभी राहिली आहेत. घराचे तोंड दक्षिणेकडे, त्या बाजूस मोठ्या काचा किंवा काचेमागे काळी रंगविलेली जाड भिंत, उत्तरेकडे कमीत कमी खिडक्या आणि छपरात व भिंतीत गवत, भुसा वा लाकडाचा भुगा यांसारखे स्थानिक उष्णतारोधक, अशी ही रचना असते. दिवसा भिंत तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. लेहजवळील सेकमोल या संस्थेचा परिसर हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण होय. बाहेरचे तापमान शून्याच्या बरेच खाली असतानाही तेथील खोल्या इंधनाच्या शेगडीविना राहण्याजोग्या उबदार असतात. गेरेस या फ्रेंच संस्थेने स्थानिक संस्थांच्या सहकार्याने सामान्य ग्रामीण कुटुंबांच्या घरांतही हे तंत्र नेले.

हे तंत्र शासकीय योजनांशी जोडण्यास मोठा वाव आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात २०१६ पासून मैदानी प्रदेशासाठी १.२० लाख रुपये, तर डोंगराळ व दुर्गम प्रदेशासाठी १.३० लाख रुपये असे साहाय्य ठरविण्यात आले. वाढीव दहा हजार रुपये हे प्रामुख्याने वाहतूक व बांधकाम यांच्या अधिक खर्चासाठी आहेत, उष्णतारोधनासाठी स्वतंत्र तरतूद म्हणून नव्हेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त थंड प्रदेशातील भिंती व खिडक्यांतून किती उष्णता बाहेर जाऊ द्यावी, याची मर्यादा दिलेली आहे. परंतु ही संहिता मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे. गरीब कुटुंबाचे दोन खोल्यांचे घर तिच्या कक्षेत येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर : मोफत वीज योजने’चे उद्दिष्ट एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याचे असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. तीन किलोवॅटच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते आणि विशेष प्रवर्गातील राज्यांना काहीसे अधिक मिळते. बर्फाळ प्रदेशात हिवाळ्यात निर्मिती घटते, ही तिची अडचण आहे. मात्र अनेक राज्यांच्या नियमांनुसार अतिरिक्त विजेचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस मिटविला जातो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात जाळ्यात दिलेली वीज डिसेंबर-जानेवारीत देयकातून वळती होऊ शकते. उन्हाळ्यातील ऊन अशा रीतीने हिवाळ्यासाठी राखून ठेवता येते.

पुढील दिशा

वरील विवेचनावरून काही धोरणात्मक दिशा स्पष्ट होतात. पहिली, ऊर्जेची गरज मोजताना हवामान-विभाग हा घटक विचारात घेतला जावा. कौटुंबिक सर्वेक्षणांत इंधनावरील खर्चासोबत घराची रचना, विनामूल्य गोळा केलेले इंधन आणि त्यासाठी दिलेला वेळ यांची नोंद झाल्यास लपलेली वंचितता दिसू लागेल.

दुसरी, थंड जिल्ह्यांत विद्यमान सवलतींचे ऋतुमानानुसार पुनर्वाटप करता येईल. वर्षभर दरमहा सारखे मोफत युनिट देण्याऐवजी तेवढेच एकूण युनिट हिवाळ्यात अधिक व उन्हाळ्यात कमी दिल्यास राजकोषावर फारसा वाढीव भार न पडता गरजेच्या वेळी साहाय्य पोहोचेल.

तिसरी, ज्या कुटुंबांचे मुख्य इंधन लाकूड वा कोळसा आहे, त्यांच्यासाठी इंधनाशी न बांधलेली आणि हिवाळ्यापूर्वी हाती पडणारी रोख रक्कम उपयुक्त ठरेल. जनधन खाते, आधार व मोबाइल यांच्या जोडणीमुळे असे हस्तांतरण शक्य झाले आहे. मात्र डोंगराळ वस्त्यांतील बँकसेवेच्या मर्यादा ध्यानात घेता हिमवर्षावापूर्वी वितरण पूर्ण होणे अगत्याचे आहे. मुळात पाळण्यास सोपे व स्थानिक पातळीवर पडताळता येतील असे निकष ठेवल्यास वगळण्याची चूक कमी होईल.

चौथी आणि सर्वांत दूरगामी दिशा म्हणजे थंड प्रदेशात शासकीय साहाय्याने बांधले जाणारे प्रत्येक घर, शाळा, अंगणवाडी व आरोग्य केंद्र हे उष्णता साठविणारे असावे. घर बांधतानाच त्याचे तोंड दक्षिणेकडे ठेवण्यास वेगळा पैसा लागत नाही. लागते ती माहिती, गवंड्यांचे प्रशिक्षण आणि आराखडा मंजूर करताना दिलेले लक्ष. एकदा उत्तराभिमुख आणि पातळ भिंतींचे बांधलेले घर मात्र पुढील तीस-चाळीस वर्षे दर हिवाळ्यात कुटुंबाकडून त्याची किंमत वसूल करीत राहते.

समारोप

संपन्न देशांत थंडीतील साहाय्याचा मोठा भर दीर्घकाळ रोख रक्कम व देयके यांवर राहिला आणि घराच्या भिंतींना त्यात दुय्यम स्थान मिळाले. भारतात ग्रामीण घरे अद्याप मोठ्या संख्येने बांधली जात आहेत. हा क्रम पालटण्याची संधी त्यामुळे उपलब्ध आहे. वीज प्रत्येक घरात पोहोचविणे आणि स्वयंपाकघर धूरमुक्त करणे ही दोन उद्दिष्टे देशाने मोठ्या प्रमाणात गाठली. चिल्लई कलानच्या रात्री त्याच घरात एखाद्या वृद्धेला कांगडीचा निखारा विझल्यानंतरही स्वस्थ झोप लागेल, इतपत ऊब पोहोचविणे हा या प्रवासाचा पुढील टप्पा ठरावा.